लांबणीवर टाकलेली हद्दपारी

बीटल्सच्या जॉन लेननला देशाबाहेर काढण्याची कारवाई अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने 1972 मध्ये सुरू केली. कारण दाखवलं ते 1968 मधल्या लंडनच्या अमली पदार्थांच्या खटल्याचं. लेननचे वकील लिऑन वाइल्ड्स यांनी माहितीच्या कायद्याखाली खात्याचे कागद मागितले आणि त्यासाठी कोर्टाचीही पायरी चढले. हाती आलेल्या कागदांवरून कळलं की खात्याने 1,843 प्रकरणांत हद्दपारी गुपचूप बाजूला ठेवली होती. जाहीर नियमांत या सवलतीचा मागमूसही नव्हता. ती ज्या अंतर्गत सूचनेने दिली जाई, ती सूचना अखेर 1975 मध्ये उघड झाली. अधिकाऱ्याने कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात याच्या तिथल्या यादीत पहिलंच होतं वय: फार उतारवय किंवा कोवळं वय.

आज अमेरिकेत निराधार स्थलांतरित मुलांच्या संरक्षणावरून जो वाद चालू आहे, त्याची एक मुळी थेट या सूचनेपर्यंत जाते. मुलाला परत पाठवणं क्रूरपणाचं आहे हे खात्याला तेव्हाही कळत होतं. मात्र ते कळणं कायद्यात उतरलं नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीवरच राहिलं.

दुसरी मुळी कायद्याची. 1990 च्या इमिग्रेशन कायद्याने ‘स्पेशल इमिग्रंट ज्युव्हेनाइल’ असा दर्जा निर्माण केला, तो दीर्घकाळ पालनगृहात राहणाऱ्या मुलांसाठी. 2008 मध्ये त्याची व्याप्ती वाढली. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाने जरी छळ केला, हेळसांड केली किंवा टाकून दिलं असेल, तरी मूल पात्र ठरू लागलं. त्यासाठी मुलाला आधी राज्याच्या न्यायालयात उभं राहावं लागतं. बापाने काय केलं, आई कधी सोडून गेली, हे न्यायाधीशांपुढे मांडावं लागतं, आणि या मुलाला मायदेशी परत पाठवणं त्याच्या हिताचं नाही, असा निष्कर्ष त्यांच्याकडून मिळवावा लागतो. मग केंद्राकडे अर्ज. पुढे ग्रीन कार्ड मिळालं तरी त्याच्या जोरावर आईवडिलांना बोलावता येत नाही.

एवढं दिव्य पार पाडलेल्या मुलाच्या हाती लगेच ग्रीन कार्ड पडत नाही. कायद्याने या मुलांना नोकरीच्या व्हिसांच्या चौथ्या वर्गात बसवलं आहे. एकूण कोट्याचे जेमतेम 7.1 टक्के या वर्गाला मिळतात, आणि त्यातच धर्मगुरू व इतर धार्मिक कर्मचारीही येतात. रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनमधल्या तारखा अमेरिकेतल्या मराठी घरांना तोंडपाठ असतात. टाकून दिलेलं पोरही त्याच बुलेटिनकडे डोळे लावून बसतं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. 2016 पासून ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोरच्या मुलांची रांग वर्षांमध्ये मोजली जाऊ लागली. रांगेत असताना कामाचा परवाना नाही आणि हद्दपारीपासून खात्रीचं संरक्षणही नाही.

बायडेन सरकारने 2022 मध्ये जुनं हत्यार पुन्हा हाती घेतलं. दर्जा मंजूर झालेल्या पण रांगेत अडकलेल्या प्रत्येक मुलाची हद्दपारी चार वर्षं लांबणीवर टाकायची का, याचा विचार खातं आपणहून करू लागलं. ती लांबली की कामाचा परवानाही मागता येई. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला रीतसर नोकरी करता येणं म्हणजे कमी पैशांत राबवून घेणाऱ्या मालकाच्या तावडीतून सुटणं. जून 2025 मध्ये ट्रम्प सरकारने हे धोरण मागे घेतलं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अशी सवलत कायद्यात दिलेली नाही, हा त्यामागचा एक युक्तिवाद. त्याविरुद्ध असा दर्जा मिळालेले काही तरुण न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेले आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्या माघारीला स्थगिती दिली.

काँग्रेसने ही सवलत लिहून ठेवलेली नाही, हे खरंच आहे. म्हणून दोष मुलांच्या माथी मारता येत नाही. त्यांना दर्जा देणारी काँग्रेसच, आणि अपुऱ्या कोट्याच्या रांगेत उभं करणारीही काँग्रेसच. या मुलांना त्या कोट्यातून वगळणारं विधेयक तिथे मांडलं गेलं आहे. 2022 मध्ये मिळालेल्या चार वर्षांच्या मुदती 2026 मध्ये संपू लागतात. ते विधेयक त्याआधीच मंजूर व्हायला हवं होतं.