ग्रहमोहिमांचा पडद्यामागील कारखाना : वालचंदनगर

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याचे इतिहासलेखन सामान्यतः १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू होते आणि वाहनउद्योगाशी येऊन थांबते. चिंचवडला कारखाना असलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इंदापूर तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसविले. साखर कारखान्यांची यंत्रे घडविणाऱ्या या गावाकडे १९७० च्या दशकात अग्निबाणांच्या सुट्या भागांचे काम आले. भारताच्या ग्रहमोहिमांच्या इतिहासात या गावाची दखल घेणे आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

चांद्रयान-१ (२००८) व मंगळयान (२०१३) ही दोन्ही याने पीएसएलव्ही अग्निबाणाने नेली. त्याच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असते. भारतात घन इंधन विकसित करणाऱ्यांत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर अग्रणी होते, हे सर्वज्ञात आहे. ते इंधन ज्यात भरले जाते, त्या २.८ मीटर व्यासाच्या पोलादी कवचाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. अशी कवचे वालचंदनगरात तयार होत आली आहेत. २०२३ च्या चांद्रयान-३ च्या अग्निबाणाचे ३.२ मीटर व्यासाचे बूस्टर-खंडही तेथे घडले. निकेलयुक्त मॅरेजिंग पोलादाचे पत्रे वाकवायचे, जोडायचे, प्रत्येक सांध्याची क्ष-किरण तपासणी करायची, भट्टीत तापवून त्यांना बळकटी आणायची आणि शेवटी पाण्याच्या दाबाखाली कसोटी घ्यायची, असा हा क्रम असतो. साखर कारखान्यातला सांधा सुटला तर रस वाया जातो. येथे यानच गमवावे लागते.

इतके करून हे कवच जेमतेम दोन मिनिटे कामी येते आणि बंगालच्या उपसागरात पडते. संग्रहालयात ठेवावे असे त्यातले काही उरत नाही. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रमशी संपर्क तुटल्यावर नियंत्रण कक्षातील चेहरे साऱ्या देशाने पाहिले. त्याच मोहिमेच्या उड्डाणाची पहिली दोन मिनिटे निर्विघ्न गेली, म्हणून कोणा वेल्डरचे छायाचित्र छापले गेले नाही. निर्दोष सांधा बातमी होत नाही, आणि बातमी नाही म्हणून दप्तरही राहत नाही.

आपले इतिहास विभाग वीरगळांच्या नोंदी निष्ठेने करतात. ते योग्यच आहे. परंतु वीरगळ आणखी शंभर वर्षे उभे राहतील. पहिल्या तुकडीतील कारागिरांनी आज सत्तरी ओलांडली असेल.