पेट्रोलचा भाव आणि कामगाराचा पगार

२०२१ साली मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपयांवर गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बारामतीच्या एका कारखान्यात वेतनकराराची बैठक होती. आम्ही वर्तमानपत्राचे कात्रण टेबलावर ठेवून महागाईचे गाऱ्हाणे मांडले. समोरच्या अधिकाऱ्याने ते वाचले व शांतपणे विचारले, "हा भाव मुंबईचा. तुमची माणसे पेट्रोल कोठे भरतात?" आम्ही निरुत्तर झालो. चूक आमचीच होती. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बारामतीपासून इंदापुरापर्यंत पंपापंपावरचा भाव टिपला. गावागावांत फरक पैशांचाच निघाला. पण ते पैसे येतात कोठून, हे पाहता पाहता आम्ही इतिहासात शिरलो.

ट्रॉम्बे येथे १९५४-५५ साली स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांचे शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तेल येथे शुद्ध होई. भाव मात्र तयार पेट्रोल आखातातून बोटीने आणले असते तर जो पडला असता, तो धरीत. न झालेल्या प्रवासाचे भाडे आपण भरीत होतो! १९६१ साली दामले समितीने हा हिशेब तपासला. पुढे १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चे तेल काही महिन्यांत सुमारे चौपट महागले, आणि त्याच दशकात या कंपन्या सरकारच्या मालकीच्या झाल्या. तेव्हापासून कित्येक वर्षे पंपावरचा आकडा दिल्लीत ठरे. त्यावरून बाजाराची नाडी कळत नसे. निवडणूक किती जवळ आली आहे, हे मात्र कळे.

जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलू लागला. आता हा आकडा अर्थव्यवस्थेचा तापमापक झाला, असे पुष्कळांना वाटले. पण मे २०२० पाहा. जगात कच्चे तेल कोसळले होते. केंद्राने पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर वाढविला, आणि स्वस्ताई आपल्या पंपापर्यंत पोहोचलीच नाही. तापमापकाने ताप दाखविला तो सरकारी तिजोरीचा. त्याआधी २०१५ साली राज्य सरकारने दुष्काळासाठी लिटरमागे दोन रुपये चढविले. म्हणजे इंदापूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने दुष्काळाचा कर आपल्याच ट्रॅक्टरच्या डिझेलवर भरला.

गावागावांतील फरक हा बहुतांशी वाहतुकीचा. मुंबईची तेलवाहिनी घाट चढून लोणी काळभोरला येते व पुढे सोलापूरजवळ पाकणीस जाते. तेथून पुढचे भाडे टँकरचे. परभणीला टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून लांबचा पल्ला गाठतात, म्हणून तेथील भाव राज्यात नेहमी चढा. तेवढ्यावरून परभणी पुण्याहून श्रीमंत, असे कोणी म्हणेल काय?

आमच्या भागाची खरी नाडी पेट्रोलपेक्षा डिझेलात आहे. माळेगाव, भवानीनगर येथे ऊस ट्रक-ट्रॅक्टरने येतो, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजा होतो. शेतकऱ्याच्या हाती कमी पडले की पाडव्याला बारामतीच्या पेठेत कापड कमी खपते. कामगाराची गोष्ट निराळी. त्याचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर हलतो, त्यासाठी भाव टिपण्याचे केंद्र पुण्यास आहे, सोलापुरास आहे, बारामती-इंदापुरास नाही. रोज पन्नास किलोमीटर मोटारसायकल हाकून औद्योगिक वसाहतीत येणारा इंदापूरचा फिटर त्या निर्देशांकात कोठेच दिसत नाही.

पुढच्या बैठकीस आम्ही कात्रण नेले नाही, वही नेली. अधिकाऱ्याने ती एक दिवस ठेवून घेतली. प्रवासभत्त्याचे कलम करारात आले. तो भत्ता रुपयांत न लिहिता लिटरमध्ये लिहावा, ही आमची मागणी मात्र मान्य झाली नाही.