झडप किती वेळ उघडी?

१९५६ च्या जानेवारीत अमेरिकेतील डेटोनाच्या वाळूवर झोरा अर्कस-डंटॉव्ह या अभियंत्याने कॉर्व्हेट मोटार ताशी दीडशे मैलांनी पळवली. तिच्यात त्याने स्वतः आखलेला कॅमशाफ्ट होता. कॅमशाफ्ट म्हणजे झडपा उघडणारे उंचवटे असलेला दांडा. साठीच्या दशकात ‘मसल कार’ आल्या आणि तो बदलणे हा अनेक तरुणांचा छंदच झाला. पण निवडायचा कोणता?

मिनिटाला ६००० फेऱ्यांना एक फेरा शतांश सेकंदात संपतो. हवेला जडत्व असते. म्हणून दट्ट्या वर परतू लागला तरी झडप थोडी उघडी ठेवली, तर धावती हवा आत शिरतच राहते. ६०० फेऱ्यांना मात्र ती दहापट वेळ उघडी राहते आणि दट्ट्या हवा परत ढकलतो. शिवाय दोन्ही झडपा एकदम उघड्या असण्याचा काळ वाढला, की जळका वायूही मागे फिरतो. इंजिन थरथरते (शौकिनांना ही थरथर आवडते!), नळीतील निर्वात घटतो. पॉवर ब्रेकला जोर मिळतो तो याच निर्वातातून. स्पर्धेचा कॅमशाफ्ट लावून गावात हिंडणाऱ्याचा ब्रेक ऐन चौकात जड लागतो. फक्त कार्ब्युरेटर व धूरनळी बदललेल्या मोटारीला आम्ही तरी मूळच्याहून किंचितच मोठा कॅमशाफ्ट सुचवू.