शेवटच्या हातातली नोट

मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याजवळ बाबांचं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान होतं. मी आठवीत असताना, शाळा सुरू होण्याच्या गर्दीत, गल्ल्यात पाचशेची नकली नोट आली. रात्री हिशेब करताना बाबांच्या बोटांना ती गुळगुळीत लागली. शेजारचे काका म्हणाले, "बँकेत नेऊ नका, पैसे बुडतील. उद्या स्टेशनच्या गर्दीत भाजीवालीला देऊन टाका."

नकली नोटेचा इतिहास वाचताना मला तेच वाक्य आठवतं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत ज्यू कैद्यांकडून ब्रिटिश पौंड छापून घेतले. त्या इतक्या हुबेहूब होत्या, की बँक ऑफ इंग्लंडने १९४३ मध्ये दहा पौंडांच्या आणि त्याहून मोठ्या नोटा काढणं बंद केलं. दहाची नोट परतली थेट १९६४ मध्ये. पुढे शंभर डॉलरच्या 'सुपरडॉलर'नी अमेरिकेची झोप उडवली. १९९६ मध्ये ती नोट नव्या रूपात आली.

आपल्या नोटा १९२८ पासून नाशिक रोडला छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी त्या इंग्लंडहून येत. २००५ साली सुरक्षा खुणा वाढवल्या. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याआधीच्या नोटा परत घ्यायचं जाहीर केलं. ओळख सोपी होती: मागच्या बाजूला छपाईचं वर्ष नाही. २०१६ च्या नोटबंदीमागे सांगितलेल्या कारणांत नकली नोटाही होत्या.

सरकारं नोट बदलतात, नकली छापणारेही शिकतात. फटका मात्र नोट ज्याच्या हातात अडकते त्याला. बँक नकली नोट जप्त करते, शिक्का मारते, पावती देते, मोबदला शून्य. आणि माहीत असून पुढे खपवली, तर तो गुन्हा.

बाबा दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. त्या काळात पाचशे म्हणजे आमच्या घरचा आठवड्याचा भाजीपाला. आईने एक शब्द काढला नाही, पण त्या आठवड्यात रोज डाळच होती.

रिझर्व्ह बँकेच्या अहवालांत दरवर्षी नकली नोटांचा आकडा येतो. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नोटा इतर बँकांमध्ये सापडतात. मला तो आकडा वेगळा दिसतो. खपवलेली नोट त्यात येतच नाही. येते ती कुणीतरी पुढे न ढकललेली.

त्या वर्षीच्या आकड्यात एक नोट आमची आहे.