मनोरंजनाची बातमी : पारखावी कशी?

चित्रपट, नाटक आणि संगीत यांच्या बातम्या पुरविणारी साधने आज इतकी झाली आहेत की, एकच वार्ता सकाळी वृत्तपत्रात, दुपारी दूरचित्रवाणीवर आणि रात्री मोबाइलवर तीन निरनिराळ्या रूपांत भेटते. यांपैकी कोणत्या साधनावर विसंबावे, हा प्रश्न वाचकाच्या खिशाशीही निगडित आहे. पिंपरी-चिंचवडमधील चौघांच्या कुटुंबाने मल्टिप्लेक्सला जायचे ठरविले, तर तिकिटे, वाहनखर्च व खाणे मिळून महिन्याच्या अंदाजपत्रकाला चांगलाच चिमटा बसतो. तेव्हा परीक्षण वाचण्यापूर्वी ते कोणी लिहिले आणि त्याचा खर्च कोणी उचलला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

नियतकालिकांची परंपरा

भारतातील चित्रपट पत्रकारितेला धार आणण्याचे श्रेय बरेचसे एका मराठी माणसाकडे जाते. बाबूराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले. त्यांची परीक्षणे बोचरी असत. निर्माते त्यांना वचकून असत आणि वाचक त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या सदरासाठी अंक घेत. मात्र याच बाबूरावांनी ‘द्रौपदी’ (१९४४) व ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले आणि दोन्हींत त्यांच्या पत्नी सुशीलाराणी नायिका होत्या. इतरांच्या चित्रपटांचा न्यायनिवाडा करणारा संपादक स्वतःच त्या बाजारात उतरला होता. हितसंबंधांचा हा पेच आजचा नाही, तो असा जुना आहे.

पुढे १९५१ मध्ये एक्स्प्रेस समूहाचे ‘स्क्रीन’ आणि १९५२ मध्ये टाइम्स समूहाचे ‘फिल्मफेअर’ आले. ‘स्क्रीन’चा कल व्यवसायाच्या बातम्यांकडे होता. ‘फिल्मफेअर’ने मुलाखती व छायाचित्रांना सुबक रूप दिले आणि १९५४ पासून पुरस्कारही सुरू केले. १९७१ साली आलेल्या ‘स्टारडस्ट’ने कलावंतांच्या खासगी आयुष्यालाच बातमीचा विषय केले. आजच्या बहुतेक मनोरंजन-वार्ता याच शेवटच्या वळणाने जातात, हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही.

मराठीत नाशिकच्या ‘गांवकरी’ समूहाचे ‘रसरंग’ अनेक वर्षे घरोघरी वाचले गेले. त्याचे संपादन केलेले इसाक मुजावर पुढे मराठी चित्रपटाचे साक्षेपी इतिहासकार म्हणून ओळखले गेले. गौतम राजाध्यक्ष यांच्या संपादनाखालील ‘चंदेरी’ची ओळख छायाचित्रांच्या देखणेपणामुळे झाली. एकाचा जोर नोंदीवर, दुसऱ्याचा दर्शनावर. प्रस्तुत लेखकाच्या मते काळाच्या ओघात नोंदच अधिक उपयोगी पडते. तीस वर्षांनी एखाद्या चित्रपटाची श्रेयनामावली शोधणाऱ्याला चकचकीत मुखपृष्ठाचा फारसा आधार मिळत नाही.

संगीताची वार्ता

संगीताचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण येथे ‘लोकप्रिय काय’ आणि ‘चांगले काय’ हे दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळतात.

लोकप्रियता मोजण्याचा पहिला मोठा प्रयोग नभोवाणीवर झाला. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांची वाट अरुंद झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे १९५२ साली अमीन सयानी यांच्या निवेदनाने ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तिच्यात गीतांची क्रमवारी लागू लागली. त्यासाठी ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोता-संघांची पसंती विचारात घेतली जाई. क्रमवारीवर वाद होत. पण मोजमापाची रीत श्रोत्यांना निदान ठाऊक होती. आकाशवाणीने १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू केली, ती या स्पर्धेची एक परिणती होती.

गुणवत्तेच्या चर्चेसाठी मराठीत वेगळी परंपरा होती. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांवर चिकित्सक लेखन केले. ते स्वतः संगीतकार होते, प्रभातच्या चित्रपटांना त्यांनी चाली दिल्या. तरी गायकाचा आवाज, तालाचे अंग, शब्दोच्चार यांविषयी ते नेमकेपणाने लिहीत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ मासिकात प्रा. बी. आर. देवधरांनी घराणी व गायक यांविषयी जे लिहिले, ते आजही अभ्यासकांना लागते. या लेखनात ‘सुरेल मैफल रंगली, रसिक मंत्रमुग्ध झाले’ अशी वाक्ये शोधावी लागतील. आजच्या मैफलीच्या वृत्तांतात बहुधा तेवढीच असतात! कोणता राग गायला, बंदिश कोणती होती आणि साथीला कोण होते, एवढे सांगणारा वृत्तांत हाती लागला तर तो कापून ठेवावा.

आकड्यांचा भुलभुलैया

अलीकडे परीक्षणाची जागा आकड्यांनी घेतली आहे. चित्रपटाच्या कोटींच्या उत्पन्नाचे आकडे रोज छापून येतात; परंतु भारतात ते अधिकृतपणे जाहीर करणारी यंत्रणा नाही. निर्माते, वितरक व व्यापार-विश्लेषक यांचे ते अंदाज असतात. शिवाय एकूण तिकीटविक्री, कर वजा जाता उरणारी रक्कम आणि निर्मात्याच्या हाती पडणारा वाटा हे तिन्ही वेगळे असतात. बातमीत यांपैकी कोणता आकडा आहे, ते क्वचितच नमूद असते.

गीतांच्या बाबतीत यूट्यूबवरील दर्शकसंख्या प्रमाण मानली जाते. २०१९ साली एका भारतीय गीताने पहिल्या चोवीस तासांचा विक्रम केल्याचा दावा झाला आणि त्यात जाहिरातींद्वारे मिळविलेल्या दर्शनांचा मोठा वाटा असल्याची चर्चा झाली. त्यानंतर यूट्यूबने चोवीस तासांच्या विक्रमासाठी पैसे मोजून मिळविलेली दर्शने न धरण्याचे जाहीर केले.

विकत घेतलेल्या मजकुराचीही अशीच कथा आहे. टाइम्स समूहाने २००३ मध्ये ‘मीडियानेट’द्वारे मनोरंजन पुरवण्यांत मोबदला घेऊन मजकूर देण्याची व्यवस्था आणली, तेव्हा मोठा वाद झाला. समाजमाध्यमांवरील प्रभावकांनी मोबदला घेतलेल्या मजकुरावर तसा स्पष्ट उल्लेख करावा, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये ठरवून दिले. तो उल्लेख बारीक अक्षरांत, बहुधा तळाशी असतो. आधी तिकडे नजर टाकावी.

उद्योगनगरीचा वाचक

पिंपरी-चिंचवडला मनोरंजनाची वानवा नाही. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, सांगवीचे निळू फुले रंगमंदिर आणि प्राधिकरणातील गदिमा नाट्यगृह एवढी सभागृहे शहरात आहेत. शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये येथेच भरले. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी कारखान्यांतील हौशी कलावंतांना रंगमंच दिला, तो वेगळाच. पण या कामगार रंगभूमीची परीक्षणे मनोरंजन पुरवणीत शोधून सापडत नाहीत. मुंबईतील एखाद्या अभिनेत्याच्या विमानतळावरील पेहरावाला मात्र तेथे हमखास जागा मिळते.

शिवाय येथील अनेक लघुउद्योगांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि नवे चित्रपट शुक्रवारी लागतात. म्हणजे भोसरी वा चाकणच्या पाळीवरील कामगार सुटीच्या दिवशी चित्रपटगृहात पोहोचतो, तेव्हा परीक्षण सहा दिवसांचे शिळे झालेले असते. त्याचा एक लाभही आहे. पहिल्या तीन दिवसांची जाहिरातबाजी तोवर ओसरलेली असते आणि शेजारच्या मशीनवरील सहकाऱ्याने चित्रपट पाहिलेला असतो. नाटकासाठी वृत्तपत्रातील प्रयोगांच्या जाहिरातींचा स्तंभ पुरेसा आहे. तो पैसे देऊन छापलेला आहे हे उघड असते आणि तारीख, वेळ व नाट्यगृह तेथे स्पष्ट दिलेले असते.