टीम फोर्ट्रेसला टोपी कोणी घातली?

परवा जुनी हार्ड डिस्क रिकामी करताना नऊ पानांची एक पीडीएफ सापडली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघं मिळून एक गेम बनवत होतो. तिघं कोडवाले आणि चौथी आमची चित्रकार मैत्रीण. पहिल्याच आठवड्यात तिने ही पीडीएफ ग्रुपवर टाकली होती. गेममध्ये कोणते रंग चालतील, कोणते अजिबात नाहीत, रेषा किती जाड असेल, सावली कधीच पूर्ण काळी का करायची नाही, असं सगळं त्यात होतं. म्हणजे स्टाइल गाइड. मी उत्तर दिलं होतं, "भारी आहे, पण हे सजावटीचं शेवटी बघू."

ते 'शेवटी' कधी आलंच नाही. मी कुठूनतरी फुकटची झाडं आणली, दुसऱ्याने कुठूनतरी सैनिक आणले. चार महिन्यांत स्क्रीनवर चार वेगवेगळे गेम एकमेकांशी भांडत असल्यासारखे दिसायला लागले. शत्रू कुठला आणि झुडूप कुठलं तेच कळेना. मैत्रीण न भांडता बाजूला झाली आणि गेमही तिथेच राहिला.

मी नेमकं काय उडवून लावलं होतं, ते बऱ्याच वर्षांनी कळलं. नोकरीत ग्राफिक्सचं थोडं काम आलं आणि त्या निमित्ताने २००७ सालचा एक शोधनिबंध वाचनात आला. त्याचा विषय होता 'टीम फोर्ट्रेस २' हा गेम असा का दिसतो. गेमच्या स्टाइल गाइडचा इतिहास सांगायचा तर त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. ती गाइड कशी घडली ते त्यात कळतं. पुढे ती कशी मोडली, ते गेम खेळताना दिसतं.

गोष्ट सुरू होते १९९६ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या तीन तरुणांनी 'क्वेक' या गेममध्ये स्वतःचे बदल करून 'टीम फोर्ट्रेस' बनवला. दोन संघ, आणि प्रत्येक खेळाडूचं काम वेगळं: कुणी डॉक्टर, कुणी हेर, कुणी इंजिनिअर. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने त्यांना आपल्याकडे घेतलं आणि १९९८ मध्ये पुढचा भाग जाहीर केला. १९९९ च्या ई-थ्री प्रदर्शनात तो दाखवलाही. तेव्हा तो एक गंभीर, लष्करी गेम होता. खाकी गणवेश, खरी वाटणारी शस्त्रं. त्यानंतर मात्र बरीच वर्षं सामसूम. लोक त्याची चेष्टा करायला लागले.

२००६ मध्ये तो पुन्हा समोर आला तेव्हा ओळखूच येईना. लष्कर गायब, आणि त्या जागी कार्टूनमधून उतरल्यासारखी नऊ पात्रं. डोंगराएवढा हेवी, काटकुळा स्काउट, लांब कोटातला मेडिक, बुटका इंजिनिअर. त्याच वर्षी 'गिअर्स ऑफ वॉर' आला होता आणि मोठ्या कंपन्यांमध्ये सगळं जास्तीत जास्त खरं, करडं-तपकिरी दिसावं अशी चढाओढ होती. ऑक्टोबर २००७ मध्ये बाजारात आलेला हा गेम उलट्या दिशेने गेला.

का गेला, याचं उत्तर त्या निबंधात आहे. लिहिणारे होते जेसन मिचेल, मोबी फ्रँकी आणि धबी एंग, तिघंही व्हॉल्व्हचे. प्रोग्रामर आणि चित्रकार एकाच कागदावर. माझ्यासारख्याला आधी याचंच नवल वाटलं.

त्यांचा मूळ प्रश्न सौंदर्याचा नाहीच. खेळाडूला समोरच्याकडे बघून क्षणभरात तीन गोष्टी कळल्या पाहिजेत, आणि त्याही ठरलेल्या क्रमाने. एक, हा आपला की परका? ते रंगावरून. एक संघ उबदार लाल, दुसरा थंड निळा. दोन, हा नऊपैकी कोण? ते छायाकृतीवरून. पात्र पूर्ण काळं रंगवलं तरी शरीराची ठेवण, टोपी, बूट, कपड्यांच्या घड्या यांवरून ओळखू आलं पाहिजे. तीन, याच्या हातात काय आहे? त्यासाठी पात्राचे पाय गडद ठेवले आणि छातीकडे उजेड वाढवत नेला, म्हणजे नजर आपोआप शस्त्र धरलेल्या जागी जाते.

हा क्रम खेळाडूच्या जिवाशी बांधलेला आहे. समोर मेडिक आहे की हेवी, हे अर्धा सेकंद उशिरा कळलं तर तुम्ही मेलात. वर राग कशाचा येणार, तर हरलो का तेच कळलं नाही याचा.

चित्रशैलीसाठी ते मागे गेले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन मासिकांकडे. जे. सी. लायनडेकर, डीन कॉर्नवेल, नॉर्मन रॉकवेल. यातल्या लायनडेकरने 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'ची तीनशेहून जास्त मुखपृष्ठं रंगवली. वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यात ठेवलेलं मासिक रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत भरायला हवं, ही त्याची गरज. त्यामुळे ठसठशीत आकार, आणि आकृतीच्या कडेने जाणारी उजळ किनार. टीम फोर्ट्रेसच्या पात्रांच्या खांद्यांवर दिसणारी उजेडाची कड तिथून आली आहे.

आणि ती कोडमध्ये कशी आली, हा माझा आवडता भाग. पृष्ठभागावर उजेड किती पडतो याचं साधं गणित लॅम्बर्टच्या नावाने ओळखलं जातं. त्याचं पुस्तक १७६० सालचं. पृष्ठभाग आणि प्रकाश यांच्यातल्या कोनाचा कोसाइन घ्यायचा, शून्याखाली गेला की काळोख. व्हॉल्व्हने १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये त्याला ०.५ ने गुणून वर ०.५ मिळवण्याची युक्ती केली होती, म्हणजे मागची बाजू एकदम काळी पडत नाही. टीम फोर्ट्रेसमध्ये ते उत्तर आणखी एका छोट्या रंगपट्टीतून फिरवलं. उजेड संपतो तिथे किंचित लालसर छटा, आणि त्यापलीकडे काळ्याऐवजी थंड रंग. एका चित्रकाराचं निरीक्षण दोन-चार ओळींच्या शेडरमध्ये बसलं.

हे वाचलं आणि पीडीएफमधलं वाक्य आठवलं: सावली कधीच पूर्ण काळी करायची नाही. मी त्याला सजावट म्हणालो होतो.

परिसरालाही हाच नियम. लाल संघाच्या बाजूला लाकूड, पत्रे, तिरकस आकार. निळ्या संघाकडे काँक्रीट आणि काटकोन. भिंतींवर मुद्दाम तपशील कमी, ब्रशने रंगवल्यासारखे, कारण भिंतीने पात्राशी स्पर्धा करायची नाही. गाइडचं निम्मं काम हेच असतं: छान दिसणाऱ्या गोष्टीलाही 'इथे नाही' म्हणणं.

आता उतरणीचा भाग. मे २००९ मध्ये गेममध्ये पहिल्या टोप्या आल्या, प्रत्येक पात्राला एक. कुणाचं काही बिघडलं नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुकान उघडलं आणि टोप्या विकत मिळायला लागल्या. खेळाडूंनी बनवलेल्या वस्तूही विकल्या जाऊ लागल्या आणि बनवणाऱ्याला विक्रीचा चौथा हिस्सा मिळू लागला. टोपी रंगवायला रंगाचे डबे आले, अगदी भडक गुलाबी आणि पोपटी. जून २०११ मध्ये गेम फुकट झाला. म्हणजे कमाई उरली ती अशा वस्तूंवरच.

वर्षागणिक गर्दी वाढत गेली. टोप्या, दाढ्या, कोट, डोक्याभोवती फिरणाऱ्या ज्वाळा. ज्या गेमने छायाकृतीसाठी एवढा आटापिटा केला, त्यातच छायाकृती झाकल्या जाऊ लागल्या. लाल संघातल्या माणसाच्या डोक्यावर निळी टोपी. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं. इथे दोन्ही अर्थ लागू पडले.

पण यात खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. त्या विक्रीमुळेच गेम इतकी वर्षं तगला. घरी बसून मॉडेल बनवणाऱ्या कितीतरी पोरांना पहिली कमाई त्यातून झाली. गाइड बदलली, असंही कोणी जाहीर केलं नाही. प्रत्येक नवी टोपी वेगळी घेतली तर निरुपद्रवीच होती. एवढ्याशा टोपीला नाही कोण म्हणणार?

व्हॉल्व्ह यातून काही शिकली असावी, असं मला वाटतं. 'डोटा २'साठी बाहेरच्या कलाकारांकडून वस्तू घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पात्रांची आर्ट गाइड सगळ्यांसाठी खुली केली. त्यात तेच जुने धडे आहेत: आधी छायाकृती, वर उजळ आणि खाली गडद, आणि नजरेला विसाव्याची जागा.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. त्यातली दृश्यं पहाडी लघुचित्रांच्या वळणाची आणि मधल्या कथा छायाबाहुल्यांसारख्या. छोट्या टीमचा गेम, पण कुठलाही स्क्रीनशॉट बघा, तो एकाच हातातून उतरल्यासारखा दिसतो. असं आपोआप होत नाही, हे मी चार महिने खर्चून शिकलो आहे.

पीडीएफचं नववं पान मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं. त्यावर एकच ओळ आहे: "यातलं काही मोडायचं असेल तर जरूर मोडा, पण आधी मला विचारा." तेव्हा वाचली असती तर मला ती आगाऊ वाटली असती. आता वाटतं, आधीच्या आठ पानांना जोर होता तो या ओळीमुळे. विचारायला कोणी उरलं नाही की रंगांची यादी नुसती यादीच राहते.

तिला मेसेज केला. पीडीएफ जोडली आणि लिहिलं, "शेवटी बघू म्हणालो होतो. आत्ता बघितली."