३१३ की ३१५.७?

मार्च १९५८ च्या अखेरीस हवाई बेटावर, मौना लोआ नावाच्या ज्वालामुखीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून ३३९७ मीटर उंचीवर दोन माणसांनी एक यंत्र जोडून सुरू केलं. बेन हार्लन हा कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतून आलेला, तर जॅक पेल्स अमेरिकेच्या हवामान खात्यातला. यंत्र बाहेरची हवा आत ओढायचं आणि सरकत्या कागदी पट्टीवर पेनने रेघ मारायचं. पहिल्या दिवशीच्या रेघेचा हिशेब केला तेव्हा आकडा आला ३१३ पीपीएम, म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३१३ रेणू.

ज्याचा हा सगळा खटाटोप होता तो चार्ल्स डेव्हिड कीलिंग तेव्हा तिथे नव्हता. पण आकडा किती येईल हे त्याने दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्याचा अंदाज एका पीपीएमच्या आत बरोबर निघाला.

आता गंमत बघा. स्क्रिप्सची आजची डेटा फाइल उघडली, तर मार्च १९५८ च्या ओळीत ३१५.७१ लिहिलेलं आहे. एका दिवसाचा आकडा आणि महिन्याची सरासरी यांत थोडा फरक असणारच, पण हा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. हवा तीच, डोंगर तोच, यंत्रही तेच. मग जवळपास पावणेतीन पीपीएम कुठून आले? कुणीतरी मागाहून डेटा फिरवला, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरी गोष्ट त्याहून लांबलचक आहे आणि तिच्यातलं मुख्य पात्र आहे लोखंडी सिलिंडर.

कीलिंगचा आलेख बहुतेकांनी पाहिलेला असतो. शाळेच्या पुस्तकात, बातमीत, एखाद्या मीममध्ये. करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत चढत जाणारी रेघ. तो आलेख काढणं म्हणजे मुळात एक फिक्स्ड गॅस डिटेक्टर बसवणं, कॅलिब्रेट करणं आणि पुढची पन्नास-साठ वर्षं त्याची निगा राखणं होतं, हे मात्र रेघेकडे बघून कळत नाही.

कीलिंगच्या आधीही लोक हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होते. रासायनिक पद्धतीने, निरनिराळ्या ठिकाणी. आकडे इतके वेगवेगळे यायचे की हवेत हा वायू जागोजागी कमीजास्तच असतो, असा समज रूढ झाला होता. १९५५ मध्ये विशीतल्या कीलिंगने पाच लिटरचे काचेचे फ्लास्क घेऊन कॅलिफोर्नियात बिग सरच्या जंगलात मुक्काम ठोकला आणि दर काही तासांनी, रात्रीसुद्धा झोपेतून उठून, हवा भरून घेतली. ती मोजण्यासाठी त्याने पाऱ्याचा मॅनोमीटर स्वतः तयार केला होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड गोठवून वेगळा काढायचा आणि ठरावीक आकारमानात त्याचा दाब किती भरतो ते बघायचं. अतिशय किचकट, वेळखाऊ आणि अतिशय अचूक काम. त्यातून दिसलं की रात्री आकडा चढतो, पण दुपारी हवा नीट ढवळली गेली की कुठेही गेलं तरी साधारण ३१० च येतात. गोंधळ हवेत नव्हताच, मोजण्यात होता.

अमेरिकन हवामान खात्याच्या हॅरी वेक्सलरने त्याला नोकरी देऊ केली. दाखवलेलं ऑफिस होतं वॉशिंग्टनमधल्या एका अंधाऱ्या तळघरात. स्क्रिप्सच्या रॉजर रेव्हेलनेही बोलावलं. कीलिंगने समुद्राकाठचं स्क्रिप्स निवडलं, पण मौना लोआवरची वेधशाळा वेक्सलरच्या खात्याचीच होती. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी, म्हणजे १९५७-५८ साठी, पैसा मोकळा झाला होता. त्यातून इन्फ्रारेड यंत्रं विकत घेतली गेली. बनवणारी कंपनी होती अप्लाइड फिजिक्स कॉर्पोरेशन.

या यंत्रामागचं तत्त्व जुनं आहे. कार्बन डायऑक्साइड भरलेली काचेची नळी उन्हात जास्त तापते, हे १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी दाखवलं होतं. हा वायू उष्णतेचे अदृश्य किरण शोषतो, हे लंडनमध्ये जॉन टिंडलने १८५९ मध्ये मोजून दाखवलं. शंभर वर्षांनी त्याचंच यंत्र झालं. एका बाजूने इन्फ्रारेड किरण सोडायचे, मधल्या नळीतून हवा जाऊ द्यायची आणि पलीकडे किती कमी पोहोचले ते बघायचं. आज ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये भिंतीवर लावलेला काडेपेटीएवढा सेन्सरही हेच करतो.

पण या यंत्राला पीपीएम म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. त्याला फक्त ‘आधीपेक्षा जास्त’ आणि ‘आधीपेक्षा कमी’ कळतं. दिवा जुना होतो, खोलीचं तापमान बदलतं, व्होल्टेज खालीवर होतं आणि हवा तीच असली तरी पेन सरकतं. म्हणून ठरावीक वेळाने बाहेरची हवा बंद करून सिलिंडरमधला ओळखीचा वायू यंत्रातून सोडायचा, पेन कुठे जातं बघायचं आणि मधल्या हवेचा आकडा त्या तुलनेतून काढायचा. मग सिलिंडरमध्ये किती आहे हे कुणी सांगायचं? दुसऱ्या, जास्त जपून ठेवलेल्या सिलिंडरने. आणि त्याचं? स्क्रिप्समधल्या त्या पाऱ्याच्या मॅनोमीटरने. डोंगरावरच्या प्रत्येक आकड्याचा धागा असा समुद्रकाठच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांपर्यंत जातो. कीलिंगला ३१३ आधीच माहीत होतं ते याचमुळे. त्याचा विश्वास यंत्रापेक्षा मोजपट्टीवर होता.

आता जागा. ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइड मोजायचा, हे ऐकूनच माणूस हसेल. ज्वालामुखी स्वतः तो वायू ओकतो! पण मौना लोआचा उतार म्हणजे नुसता काळा लाव्हा. आसपास झाडं नाहीत, गाव नाही, आणि इतक्या उंचीवर अर्ध्या पॅसिफिकवरून ढवळून आलेली हवा मिळते. अडचणी होत्या, त्याही वेळापत्रक असल्यासारख्या. दुपारी वारा खालून वर चढतो आणि झाडांनी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेली हवा आणतो, तेव्हा आकडा पडतो. रात्री वारा शिखराकडून उतरतो, कधी कधी तिथल्या भेगांमधला वायू घेऊन येतो, तेव्हा रेघ वेडीवाकडी उडते. म्हणून हवा ओढणाऱ्या नळ्या इमारतीपासून दूर, मनोऱ्यांच्या टोकाला बसवल्या. वाटेत हवा थंड करून तिच्यातली वाफ गोठवून काढली, कारण वाफही इन्फ्रारेड शोषते. आणि कुठले तास धरायचे नि कुठले सोडायचे याचे नियम ठरवले. सोडलेले तास खोडून मात्र टाकले नाहीत. आमच्या धंद्यात ज्याला ‘रॉ लॉग डिलीट करू नका’ म्हणतात ते हेच, फक्त कागदाच्या गुंडाळ्यांवर.

पहिलं वर्ष धाकधुकीचं गेलं. एप्रिल-मेमध्ये आकडा चढला. मग वीज गेली. पुन्हा सुरू झालं तेव्हा तो खाली आला होता, आणि आणखी उतरतच गेला. फाइलमध्ये त्या वर्षीचे जून आणि ऑक्टोबर कोरे आहेत. कीलिंगला वाटलं, या जागेवर हवा बेभरवशाचीच असणार. पण पुढच्या वर्षी मेमध्ये आकडा पुन्हा शिखरावर गेला आणि त्याला उलगडा झाला. उन्हाळ्यात उत्तर गोलार्धातली जंगलं वायू शोषतात, पानगळीनंतर तो परत सोडतात. अख्खा गोलार्ध श्वास घेताना कागदावर दिसत होता, जेमतेम सहा पीपीएमच्या चढउतारात. आणि दुसऱ्या वर्षीचं शिखर पहिल्यापेक्षा थोडं उंच होतं. ही वाढ तेव्हा वर्षाला एका पीपीएमपेक्षाही कमी होती. तीनशेत एकाहून कमी! सिलिंडरच्या तुलनेशिवाय ती यंत्राच्या थरथरीत कधीच हरवून गेली असती.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला यापुढची जास्त महत्त्वाची वाटते.

शोध लागला तसं पैसे देणाऱ्यांना प्रश्न पडला की आता रोज मोजत कशाला बसायचं? रेव्हेललाही सुरुवातीला जगभरची एक पाहणी हवी होती, पुन्हा मोजायचं ते वीसेक वर्षांनी. १९६० च्या दशकात बजेट कापलं गेलं. दक्षिण ध्रुवावरचं सतत चालणारं यंत्र बंद झालं आणि १९६४ मध्ये मौना लोआवरचंही थांबलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल १९६४, तीन रिकाम्या ओळी. पुढेही ‘हे संशोधन नाही, रूटीन देखरेख आहे’ हा आक्षेप कीलिंगचा पिच्छा सोडेना. वर्षाला दोन शोध लागतील याची हमी द्या, असंही त्याला एकदा सांगण्यात आलं. आपल्याकडेही नवीन फीचर बनवणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि सर्व्हर रात्री चालू ठेवणाऱ्याला अप्रेझलमध्ये ‘या वर्षी नवीन काय केलंत?’ असं विचारलं जातं, तेव्हा ही मागणी मला फारशी परकी वाटत नाही.

आणि त्या ‘रूटीन’मधूनच पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघालं. कीलिंगच्या सुरुवातीच्या सिलिंडरांमध्ये कार्बन डायऑक्साइड शुद्ध नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता. खऱ्या हवेत नायट्रोजनबरोबर ऑक्सिजनही असतो. रेणू किती प्रकाश शोषतो हे थोडंफार शेजाऱ्यांच्या धक्काबुक्कीवरही अवलंबून असतं, त्यामुळे तितकाच कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनमध्ये आणि हवेत या यंत्रांना वेगवेगळा दिसतो. सत्तरच्या दशकात हे पुरतं लक्षात आलं. सिलिंडरांत हवा वापरली जाऊ लागली, मॅनोमीटरच्या मापांमध्येही बारीक सुधारणा झाल्या आणि जुने आकडे नव्या मोजपट्टीवर आणले गेले. ३१३ आणि ३१५.७ मधला मोठा वाटा या दुरुस्त्यांचा आहे. हे जमलं, कारण कुठल्या तासाची तुलना कुठल्या सिलिंडरशी झाली आणि तो सिलिंडर कशाशी ताडला होता, याची नोंद होती. नुसता अंतिम आकडा जपला असता तर चूक कळूनही दुरुस्त करता आली नसती.

१९७४ पासून नोआ ही अमेरिकन सरकारी संस्थाही त्याच डोंगरावर वेगळ्या यंत्राने मोजते. दोन टीम, दोन यंत्रं, एकमेकांवर नजर. कीलिंग २००५ मध्ये गेला. १९५८ चं यंत्र २००६ पर्यंत चालू होतं. काम आता त्याचा मुलगा राल्फ बघतो.

दरम्यान सेन्सर स्वस्त झाले आणि त्यांत एक चलाखी आली. सिलिंडर आणून तपासण्याचा कंटाळा नको, म्हणून बरेच सेन्सर स्वतःच स्वतःला सुधारतात. आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं मानून ते त्याला ४०० म्हणतात. शनिवार-रविवार रिकाम्या राहणाऱ्या ऑफिसात हे चालून जातं. पण बिअरच्या कारखान्याचं तळघर घ्या, किंवा गॅस सिलिंडर ठेवायची खोली. हा वायू हवेच्या दीडपट जड, म्हणून तिथे डिटेक्टर जमिनीजवळ बसवतात. आठ तासांच्या कामासाठी सरासरी ५००० पीपीएमची मर्यादा सर्वत्र वापरतात आणि ४०,००० ला जिवाला धोका धरतात. तिथे हळूहळू गळती चालू असेल आणि खोली कधीच ताजी होत नसेल, तर स्वतःला सुधारणारा सेन्सर गळतीलाच नॉर्मल समजायला शिकेल. अशा जागी ती सोय बंद करून ठरावीक काळाने शुद्ध नायट्रोजनने शून्य आणि माहीत असलेल्या वायूने वरचा आकडा तपासावाच लागतो. कीलिंगचं जुनंच काम, लहान प्रमाणात.

शिवाय ते ४०० सुद्धा आता खरे नाहीत. मौना लोआवर हा पल्ला २०१३ च्या मेमध्ये गाठला गेला, आणि मे २०२५ ची सरासरी ४३० च्या वर गेली. सेन्सरमध्ये गृहीत धरलेली ‘ताजी हवा’ आता मौना लोआवरही मिळत नाही.

आपल्याकडेही हा धागा आलेला आहे. गोव्यात काबो द रामच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षं काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरून ती ऑस्ट्रेलियात मोजायला पाठवत. पावसाळ्यात तिथे हिंदी महासागरावरची स्वच्छ हवा येते, हिवाळ्यात वारा फिरला की देशाच्या आतली. एकाच कड्यावर दोन वेगळे ऋतू, दोन वेगळ्या हवा. पुण्याच्या आयआयटीएमने २००९ मध्ये सिंहगडावर असेच नमुने घ्यायला सुरुवात केली. पिठलं-भाकरी खायला गडावर चढलेल्यांना त्याची कल्पना असण्याचं कारण नाही. पण या दोन्ही ठिकाणच्या नोंदी मौना लोआइतक्या लांब आणि अखंड नाहीत, आणि असा डेटा मागाहून विकत घेता येत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला. लाव्हाने रस्ता आणि विजेची लाइन तोडली आणि मोजणी थांबली. काही दिवसांतच यंत्रं समोरच्या मौना केआ डोंगरावर लागली, वेधशाळेपर्यंत वीज पोहोचेपर्यंत मधली नोंद तिथून चालू राहिली. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या बजेट प्रस्तावात नोआच्या या कामाचा पैसाच काढून टाकायचं सुचवलं गेलं. १९६४ मध्ये मोजणी पैशासाठी थांबली, तेव्हा गेलेल्या तीन महिन्यांची हवा कुठल्याच सिलिंडरमध्ये नाही. त्या ओळी आजही रिकाम्या आहेत.